चवथीनंतरचे जुलाब: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ६७ वर्षांच्या गृहिणी, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातल्या. मधुमेह जुना, मेटफॉर्मिनवर आटोक्यात. पित्ताची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल, कितीतरी वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी. माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार अशी: आठ दिवस पातळ जुलाब, दिवसाला दहा-बारा वेळा, ओटीपोटात मुरडा, दोन दिवसांपासून बारीक ताप. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्यांना मी काकी म्हणायचे, इथेही तसंच म्हणते.

पाच दिवसांचा गणपती, घर माणसांनी भरलेलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकींचं पोट बिघडलं आणि घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. जावेच्या मते पातोळ्या जास्त झाल्या. मुलाच्या मते पावसाने विहिरीचं पाणी गढूळलं. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. मुलाने फार्मसीतून ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेल्या गोळ्यांची पट्टी आणली, सोबत जुलाब थांबवायची लोपेरामाइड. दीड-दोन दिवस बरं वाटलं. मग पोट ढोलासारखं फुगलं आणि जुलाब पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाले. आगीतून फुफाट्यात, अशी अवस्था.

तपासताना नाडी ११२, रक्तदाब १०० वर ६०, जीभ कोरडी, पोट डाव्या बाजूला खाली दाबलं की कळवळत होत्या. मल हिरवट, पाण्यासारखा, त्यात शेंबडासारखा आव. डोळ्यांना दिसेल असं रक्त नव्हतं. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी १८,४००, पोटॅशियम ३.१, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.६, दोन्ही कमी. क्रिएटिनिन १.७ होतं आणि सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर ते ०.९ होतं. म्हणजे मूत्रपिंडांना झळ पोचली होती. पोटाच्या एक्स-रेत मोठं आतडं फुगलेलं दिसत होतं, पण रुंदी ६ सेंटिमीटरच्या आत. ती रेषा ओलांडली की आतडं फाटण्याची भीती सुरू होते, म्हणून हा आकडा मी दोनदा मोजून घेतला.

आता विहिरीचा प्रश्न. तो सोडून देण्यासारखा नव्हता, कारण पावसाळ्यात आपल्याकडे पाण्यातून येणारे जुलाब खरोखरच होतात. पण त्या विहिरीचं पाणी आणि त्याच चुलीवरचं जेवण अकरा माणसांनी पाच दिवस घेतलं होतं आणि आजारी पडल्या एकट्या काकी. शिळ्या भातातल्या किंवा हाताळलेल्या गोडातल्या जंतूंचं विष पोटात गेलं तर त्रास काही तासांत सुरू होतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत निवळतो. इथे तर आठवा दिवस उजाडला होता.

जुलाबाचे बरेच जंतू विषाच्या जोरावर काम करतात, पण प्रत्येकाच्या विषाची तऱ्हा वेगळी आणि ती तऱ्हा रुग्णाच्या अंगावर दिसते. कॉलराचं विष आतड्याच्या पेशीला मारत नाही. तिला पाणी आणि क्षार बाहेर फेकायला लावतं. म्हणून तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, ताप बहुधा नसतो, मलात पूपेशी जवळजवळ नसतात. हे विषच जुलाब घडवतं हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, जंतू गाळून काढलेला नुसता द्राव सशाच्या आतड्यात सोडून. प्रवासी माणसाला गाठणाऱ्या ई. कोलायच्या काही वाणांचं विष याच जातकुळीतलं. शिगा विष त्याहून निराळं: आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांवर घाव घालतं, मल रक्ताळ होतो, आणि त्या विषाच्या ई. कोलायमध्ये, विशेषतः लहान मुलांत, प्रतिजैविकं दिल्याने मूत्रपिंडांवरचं संकट वाढण्याची धास्ती असते. म्हणून रक्ताचे जुलाब दिसले की कपाटातली पट्टी काढून देऊ नये, हे मी प्रत्येक आईला सांगते.

काकींच्या मलात पूपेशी भरपूर होत्या, ताप होता, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एवढ्या चढल्या होत्या. म्हणजे आतड्याचं अस्तर दुखावलेलं होतं. कॉलराचं चित्र असं नसतं. नेहमीचं कल्चर, म्हणजे मलातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, मी लावलं. त्यात साल्मोनेला, शिगेला किंवा कॉलराचा जंतू काही निघालं नाही. त्याने नवल वाटलं नाही, कारण माझा संशय ज्यावर होता तो जंतू हवेत जगत नाही आणि नेहमीच्या कल्चरमध्ये त्याला शोधतच नाहीत.

संशयाचं मूळ एका डब्यात सापडलं. मी मुलाला सांगितलं होतं की घरात आईची जेवढी औषधं असतील तेवढी सगळी घेऊन या, जुनी-नवी निवडत बसू नका. त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. तो मी खाटेवर पालथा केला. मधुमेहाच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, बामाची डबी, कुणाचे तरी डोळ्यांचे थेंब, आणि कात्रीने कापलेल्या पट्टीचा एक तुकडा. त्यावर दोन कॅप्सूल शिल्लक. नाव कापलं गेलेलं, कडेला फक्त ‘मायसिन ३००’ एवढी अक्षरं.

‘‘काकी, ही कशाची?’’

‘‘ती दाढेची, दोतोर. ती कधीच संपली. पोटाचं आणि तिचं काय?’’

चवथीच्या आधी दाढेत पू झाला होता. लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ उठल्याचं काकींनी दंतवैद्याला सांगितलं, म्हणून त्यांनी क्लिंडामायसिन हे दुसरं प्रतिजैविक दिलं. ती निवड समजण्यासारखी होती. आठवडाभराचा कोर्स, शेवटच्या दोन कॅप्सूल उरलेल्या. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी जुलाब. आठ दिवसांत तिघांनी ‘काय खाल्लं होतं’ हे विचारलं होतं, आणि काकींनी पातोळ्यांपासून खतखत्यापर्यंत सगळं सांगितलं होतं. गेल्या तीन महिन्यांत कोणतं औषध घेतलं, हे कुणी विचारलं नव्हतं. खाल्लेलं लोकांना आठवतं. संपलेलं औषध हिशेबातून गेलेलं असतं.

क्लिंडामायसिन आणि आतड्याचा दाह यांचं नातं १९७४ पासून नोंदलेलं आहे. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये हे औषध घेणाऱ्या २०० रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. २१ टक्क्यांना जुलाब झाले आणि १० टक्क्यांच्या आतड्यात पिवळसर पापुद्रे धरलेले दिसले. ते औषधाचं थेट काम नव्हे, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील या जंतूच्या विषाचं आहे, हे १९७८ मध्ये स्पष्ट झालं. दवाखान्यात आम्ही त्याला सी-डिफ म्हणतो. क्लिंडामायसिन बदनाम झालं तरी ते एकटं नाही. सेफॅलोस्पोरिन, फ्लुओरोक्विनोलोन, कार्बापेनेम, साधं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्लसुद्धा हे करू शकतं.

होतं ते असं. निरोगी मोठ्या आतड्यात असंख्य जातींचे जंतू नांदतात. त्यांतले काही पित्ताम्लांचं रूप बदलतात, आणि ते बदललेलं रूप सी-डिफला वाढू देत नाही. प्रतिजैविकाने दाढेतल्या पुवाबरोबर ही वस्तीही उठते. मग न बदललेली पित्ताम्लं आतड्यात साचतात आणि त्यांच्यामुळे सी-डिफचे झोपलेले बीजाणू जागे होतात. जागा मोकळी, अन्न तयार, अडवणारं कुणी नाही. त्यानंतर हा जंतू ए आणि बी अशी दोन विषं सोडतो. ती पेशीत शिरून तिच्या आतला आधाराचा सांगाडा सांभाळणाऱ्या प्रथिनांना साखरेचा रेणू चिकटवतात आणि ती निकामी करतात. वासे काढून घेतलेल्या घरासारखी पेशी आत कोसळते, शेजारच्या पेशींमधल्या फटी उघडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि अस्तरावर तो पिवळा पापुद्रा धरतो. काकींची प्रथिनं त्या अस्तरातूनच गळत होती, म्हणून अल्ब्युमिन २.६.

इथे एक गोष्ट तपासणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची. सी-डिफचे सगळे वाण विष तयार करत नाहीत. ज्यांच्याकडे विषाची जनुकं नाहीत ते आतड्यात मुकाट राहतात आणि कुणाला काही करत नाहीत. म्हणून ‘जंतू सापडला’ एवढ्याने निदान होत नाही. प्रयोगशाळेतल्या पट्टीवर दोन गोष्टी बघायच्या: जीडीएच नावाचं विकर, जे सगळेच वाण बनवतात, आणि प्रत्यक्ष विष. जीडीएच नकारात्मक आलं तर सी-डिफ जवळजवळ बाद. दोन्ही सकारात्मक आलं तर निदान पक्कं. जीडीएच आहे पण विष दिसत नाही, असं झालं तर पीसीआर करतात, म्हणजे विषाचं जनुक शोधणारी तपासणी. नमुना पातळच हवा, घट्ट मल तपासण्यात अर्थ नाही. आणि तो ताजा हवा, कारण विष साध्या तापमानात काही तासांत नासतं. मुलगा डबी बर्फाच्या पिशवीत घालून स्कूटरवरून प्रयोगशाळेत घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला. दोन्ही रेषा उमटल्या होत्या.

पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर किंवा क्रिएटिनिन १.५ च्या वर असेल तर हा आजार तीव्र मानतात. काकींच्या बाबतीत दोन्ही होतं.

उपचाराची पहिली पायरी बंद करण्याची. ओफ्लॉक्सासिन बंद, कारण साप समजून भुई धोपटणं चाललं होतं: या जंतूचे बरेच वाण क्विनोलोनला, म्हणजे ओफ्लॉक्सासिनच्या गटाला, दाद देत नाहीत आणि औषध उरल्यासुरल्या चांगल्या जंतूंना मारत राहतं. २००३ च्या सुमाराला कॅनडाच्या क्वेबेकमध्ये जो ०२७ नावाचा जहाल वाण पसरला, त्याच्या फैलावात याच औषधगटाचा हात धरला जातो. सुरुवातीला बरं का वाटलं, असं मुलाने विचारलं. त्या गोळीतल्या ऑर्निडाझोलचा सी-डिफवर थोडा परिणाम होतो, आणि लोपेरामाइडने आतड्याची हालचालच मंदावली. जुलाब कमी दिसले, विष मात्र आत साचत राहिलं. लोपेरामाइडही त्याच क्षणी बंद. मूत्रपिंडं सावरेपर्यंत मेटफॉर्मिन बंद, तेवढे दिवस इन्सुलिन.

मुलाचा चेहरा पडला होता. पण दोष त्याच्या पदरात घालण्यात मला काही हशील दिसत नाही. ज्या पट्टीवर लाल रेघ आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं आहे, ती चिठ्ठीशिवाय त्याच्या हातात ठेवली गेली. त्या काउंटरवर ‘आधी काही औषध चालू होतं का’ एवढं जरी विचारलं असतं, तरी काकींचे आठ दिवस वाचले असते. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

औषध दिलं ते व्हॅन्कोमायसिन, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तोंडाने. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन मोठ्या आतड्याच्या पोकळीत पोचतच नाही, आणि तोंडाने दिलेलं रक्तात फारसं शिरत नाही. या कामासाठी तेच हवं. पूर्वी मेट्रोनिडाझोल पहिलं द्यायचे, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते मागे सारलं. फिडॅक्सोमायसिन हे आणखी एक चांगलं औषध, पुन्हा उलटण्याचं प्रमाण त्यात कमी, पण ते वेळेत हाती लागणारं नव्हतं. व्हॅन्कोमायसिनच्या कॅप्सूलही जवळपास मिळाल्या नाहीत. म्हणून ५०० मिलिग्रॅमची इंजेक्शनची कुपी घेतली, त्यात १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातलं आणि दर वेळी अडीच मिलिलिटर पाजलं. रोजची एक कुपी बरोबर पुरते. रात्रपाळीच्या सिस्टर चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या: ‘‘मॅडम, इंजेक्शन पाजायचं?’’ हो, पाजायचं. त्यांनी विचारलं हे फार बरं केलं. न विचारता ते शिरेत गेलं असतं, आणि आतडं तसंच राहिलं असतं. औषध कडू. काकी नाक दाबून प्यायच्या, मागून कोकम सरबताचा घोट.

शिरेतून सलाइन आणि पोटॅशियम सुरूच होतं. खायला उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पाचव्या दिवशी जुलाब तीनवर आले, पांढऱ्या पेशी ११,००० च्या खाली. सहाव्या दिवशी घरी पाठवलं.

घरी पाठवताना औषधापेक्षा जास्त वेळ मी साबणावर बोलले. सी-डिफ बीजाणूंच्या रूपात महिनोनमहिने तग धरतो: कडीवर, नळावर, संडासातल्या तांब्यावर. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल त्यांना मारत नाही. कोविडनंतर घरोघरी बाटल्या आल्या आणि हात धुण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं गेलं, पण इथे वाहतं पाणी आणि साबणच लागतो, कारण बीजाणू मारायचे नसतात, चोळून वाहून घालवायचे असतात. फिनेलचा उपयोग नाही. क्लोरीन हवं. घरात धुण्याचं ब्लीच होतं. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून फरशी आणि भांडं दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं, आणि खिडकी उघडी. घराला मागच्या बाजूला जुना संडास होता, तो जुलाब थांबेपर्यंत काकींसाठी वेगळा ठेवला.

सूनबाईंचा प्रश्न वेगळाच होता. आठ महिन्यांचं बाळ आजीच्या मांडीवर वाढतंय, त्याचं काय? त्याचीही तपासणी करू का? नको, म्हटलं. पहिल्या वर्षात कितीतरी निरोगी बाळांच्या आतड्यात हा जंतू असतो, विष करणाऱ्या वाणासकट, आणि बाळ खेळत असतं. त्याची तपासणी सकारात्मक आली तर आपण नसलेल्या आजारावर औषध देत बसू. आजीने साबणाने हात धुवून बाळाला घ्यावं, एवढं पुरे.

काकींना तपासणी पुन्हा करून ‘निघाला का’ ते बघायचं होतं. तीही केली नाही. जुलाब थांबल्यावरही कित्येक आठवडे अहवाल सकारात्मक येऊ शकतो आणि तो काही सांगत नाही. लक्ष ठेवायचं ते जुलाबांवर.

आणि ते परत आले. दसऱ्याच्या आसपास, कोर्स संपून बारा-तेरा दिवस झाले असताना, एका दिवसात पाच वेळा पातळ. साधारण पाचातल्या एका रुग्णात पहिल्या उपचारानंतर आजार असा उलटतो. औषधाने जंतू मरतात, बीजाणू उरतात, आणि आतड्यातली जुनी वस्ती अजून परतलेली नसते. या वेळी घरच्यांनी फार्मसी गाठली नाही, मला फोन केला. विष पुन्हा सापडलं. पांढऱ्या पेशी मात्र ९,८००, क्रिएटिनिन ठीक. घरीच उपचार करता आले. व्हॅन्कोमायसिन पुन्हा, पण उतरत्या क्रमाने: दोन आठवडे चार वेळा, एक आठवडा दोन वेळा, एक आठवडा एकदा, मग तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी एकदा. मधल्या मोकळ्या दिवसांत बीजाणू उगवतात आणि पुढच्या मात्रेत मरतात, चांगल्या जंतूंनाही श्वास घ्यायला अवसर मिळतो, असा त्यामागचा विचार. सूनबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर औषधाच्या तारखांना कुंकवाचं बोट लावलं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, नोव्हेंबर संपता संपता शेवटची मात्रा झाली. आणखी उलटलं असतं तर निरोगी माणसाच्या मलातले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराबद्दल बोलायचं मी ठरवलं होतं. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या चाचणीत तो व्हॅन्कोमायसिनपेक्षा कितीतरी सरस ठरला होता. ती वेळ आली नाही.

पित्ताच्या गोळीचाही या निमित्ताने निकाल लावला. ती कधी, कशासाठी सुरू झाली हे काकींना सांगता येईना. ही गोळी घेणाऱ्यांत सी-डिफ जास्त दिसतो. ती कारण आहे की नुसती सोबतीण, यावर वाद आहे, पण गरज नसलेली गोळी चालू ठेवण्याचं कारण मला सापडलं नाही. हळूहळू कमी करून बंद केली. पंधरा दिवस छातीत जळजळलं, मग थांबलं.

पेनिसिलिनचा प्रश्न उरला होता. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांना चाचणीत ती निघत नाही, आणि लहानपणच्या एका पुरळापायी माणूस जन्मभर जहाल औषधांकडे ढकलला जातो. जानेवारीत काकींची रीतसर चाचणी झाली. अ‍ॅलर्जी नव्हती. तसा कागद त्यांच्या फाइलला लावला, आणि त्याखाली क्लिंडामायसिन व सी-डिफची नोंद.

मार्चमध्ये, शिगम्याच्या आधी, दुसऱ्या बाजूची दाढ काढायची निघाली. या वेळी दंतवैद्यांनीच मला फोन केला. ताप नाही, सूज नाही, पू नाही, साखर ताब्यात. प्रतिजैविक लागणार नाही, यावर आमचं दोन मिनिटांत एकमत झालं. दाढ काढली, जखम भरली, पोट ठीक राहिलं.